उघाडीवरचं आमंत्रण

सरांनी टेपरेकॉर्डर पुढे केला तेव्हा मी तो घ्यायला नको होता, असं त्या उन्हाळ्यात मला रोज वाटायचं. पण कुणी काही पुढे केलं की नको म्हणायचं धैर्य माझ्यात नव्हतं. मी पनवेलच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वडील चौथीपर्यंत शिकलेले, आई शाळेच्या पायरीपर्यंत. वर्गात मी मागच्या बाकावर बसायचे, आणि काही बोलायचं झालं तर आधी मनात ते वाक्य दोनदा म्हणून बघायचे, मध्येच 'आहे'च्या जागी 'हाय' निसटू नये म्हणून.

इतिहासाचे सर घाटावरचे होते. एकदा त्यांनी विचारलं, खाडीकाठच्या गावांतलं कोण आहे. मी हात अर्धा वर केला. तास संपल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं.

"तुमच्या लोकांबद्दल लायब्ररीत काही सापडत नाही," ते म्हणाले. "जुन्या सरकारी पुस्तकांत मीठ किती निघायचं ते आहे. काढायचं कोण, ते नाही. आता तर जमिनीही चालल्या. तुम्ही घरातल्या, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना बोलतं करा. बोलतील तसं टेप करा, जागांचे फोटो काढा."

"सर, मला जमेल का?"

"बटण दाबायचं आणि गप्प बसायचं. त्यातलं दुसरं तुम्हाला येतंच."

टेपरेकॉर्डर, एक कोरी कॅसेट आणि त्यांचा स्वतःचा कॅमेरा. कॅमेऱ्यात बारा फोटो उरले होते. जूनमध्ये कॉलेज उघडलं की सगळं परत द्यायचं. एस.टी.त मी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले, आणि खड्डा आला की पिशवीच आधी उचलायचे.

आमचं गाव बेलापूरच्या खाडीला लागून. पुढे घरं, पाठीमागे मिठागरं. जमीन सरकारकडे गेली तेव्हा मी शाळेत होते, त्यामुळे मोठी माणसं ओट्यावर मोठ्यानं बोलत होती एवढंच मला आठवतं. खरं काय झालं ते नंतर दिसलं, ट्रक यायला लागले तेव्हा. लाल मुरूम भरून ट्रक यायचा, मागची फळी उघडायची, आणि कालपर्यंत पाणी चमकत होतं तिथे ढीग पडायचा. वडील त्या आगरात मीठ ओढायचे आणि उघाडी सांभाळायचे. उघाडी म्हणजे बांधातलं दगडी दार, भरतीचं पाणी आत घ्यायचं आणि नको तेव्हा अडवायचं. आता ते बेलापूरला नव्या सरकारी इमारतीवर वॉचमन होते. खाकी कपड्यांत घरी यायचे आणि कपडे न बदलता बराच वेळ तसेच बसायचे.

मला बोलतं करायला बाहेर जायची गरज नव्हती. वडिलांची थोरली बहीण, माझी आते, आमच्याच घरात राहायची. लवकर विधवा झालेली, मूल नाही, आणि गावाची धवलारीण. आमच्यात पूर्वी लग्नाला भटजी नसायचा. लग्न धवलारीण लावायची. ती तांदळाच्या पिठाचा चौक काढायची, नवरा-नवरीला पाटावर बसवायची आणि हळदीपासून शेवटापर्यंत प्रत्येक विधीचा धवला, म्हणजे गाणं, म्हणायची. माझ्या आईवडिलांचं लग्न आतेनं लावलेलं, काकाचंही तिनंच.

पहिल्याच दिवशी मी टेप तिच्यासमोर ठेवला.

"आते, धवले म्हण ना. मला टेप करायचेत."

"लगीन कुनाचं हाय?"

"कुणाचं नाही. नुसतेच म्हण."

ती निवडत होती ती सुकट तिनं खाली ठेवली. "नुसतेच? नवरी नाय, नवरा नाय, आन मी धवला म्हनू? मानसं काय बोलतील? मानसांचं जाऊ दे, वरचे काय बोलतील?"

वरचे म्हणजे देव आणि घरातले गेलेले.

"अभ्यासाला पाहिजे, आते."

"मंग तू बस पाटावर. तुजं लगीन लावते, सगलं म्हनते. तीन दिस म्हनीन."

आतून आई म्हणाली, "बस गो बस. आन तुजे सराला सांग जेवाला या म्हनून."

दोघी हसल्या. मला हसू आलं नाही. त्या वर्षात मला दोन स्थळं येऊन गेली होती आणि दोन्ही वेळा वडिलांनी 'पोरीची परीक्षा हाय' एवढंच सांगून परत पाठवली होती. तिसऱ्या वेळी ते काय सांगतील याची मला खात्री नव्हती.

आठवडा तसाच गेला. मी आतेच्या मागे मागे फिरायचे, ती दुसरंच काहीतरी सांगायची. कुणाच्या लग्नात भात कसा करपला, कुणाचा नवरा मांडवात झोपला. मी टेप सुरू करायचे, बंद करायचे. कॅसेट संपेल याची भीती, बॅटऱ्या उतरतील याची भीती. पलीकडे ट्रक येतच होते.

मग माझ्या डोक्यात ती गोष्ट आली. ती सांगायला मला अजून जड जातं.

आमच्या घरापासून तिसरं घर काकाचं. त्याच्या मुलीचं लग्न वैशाखात ठरलं होतं. मुलगा जासईचा, नोकरीवाला. मुलाकडच्यांनी सांगितलं होतं, भटजी पाहिजे, बँड पाहिजे, लाऊडस्पीकर पाहिजे. काका हो म्हणाला होता. तसं त्यानं आधी मलाच विचारलं होतं. "तू कॉलेजात जातेस. तिकडं लोक काय करतात?" आणि मी म्हणाले होते, "आता सगळीकडे भटजीच बोलावतात, काका." माझं बोलणं आमच्या घरांत असं कुणी मानायचं नाही, त्या दिवशी मात्र मानलं. सगळ्यांना हे माहीत होतं. आतेला कुणी सांगितलेलं नव्हतं. धवलारणीला घरचा पुरुष नारळ आणि तांदूळ घेऊन बोलवायला येतो. ती काकाची वाट बघत होती.

एका दुपारी मी तिला विचारलं, "आते, देवांना आमंत्रण देतात तो धवला लग्नाच्या आधी म्हणतात ना?"

"आदीच. न बोलवता कोन येतं?"

"मग तो तरी म्हण. काकाच्या घरचं लग्न तर ठरलेलंच आहे."

"त्यो आला नाय अजून नारल घेऊन."

"येईल," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी कॉलेजातली, मी खोटं कशाला बोलेन. तिनं डोक्यावरून पदर घेतला, पाट मागितला, आणि भिंतीला पाठ न लावता ताठ बसली. मी बटण दाबलं.

तोपर्यंत मी धवले लग्नांच्या गोंधळात ऐकलेले, कधी नीट नाही. आमंत्रणाच्या धवल्यात काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. ती गावाच्या एका टोकापासून निघाली. गावदेवी, मग शिवेवर राखण करणारा चेडा, मग एकेक बांध, एकेक आगर त्याच्या नावानं, वडाखालची विहीर, उघाडी, होड्या लागायची जागा. प्रत्येक ठिकाणी तिथे जो राहतो त्याला हाक. 'येवा गो येवा उघाडीवरच्या बाया, वल्या पायांनी येवा.' मग घरातले गेलेले, एकेक नाव घेऊन. सरांना पाहिजे होतं ते सगळं त्या एका धवल्यात होतं. नकाशावर आमचं गाव म्हणजे एक ठिपका होता, आणि इथे ही बाई डोळे मिटून त्याच्या कडेकडेनं चालत होती.

धवला दोघींनी म्हणायचा असतो. एक म्हणते, दुसरी तीच ओळ झेलते. झेलणारी म्हातारी दोन पावसाळ्यांपूर्वी गेली होती. तरी आते प्रत्येक ओळीनंतर थांबायची, तिची ओळ होईपर्यंतचा वेळ सोडायची, आणि मग पुढे जायची. कॅसेटवर त्या जागी फक्त आमच्या कोंबड्या आहेत.

कॅसेटची एक बाजू भरली. मला इतका आनंद झाला की मी उठून आईला मिठी मारली. आते पाटावरच बसली होती.

"उद्या आखत घालाला जायाचं," ती म्हणाली.

"कुठे?"

"जिथं जिथं बोलवलं तिथं. नुसतं तोंडानं बोलवतात का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओच्यात हळद लावलेले तांदूळ घेऊन निघाली. मी कॅमेरा गळ्यात घालून मागे. गावदेवी झाली, विहीर झाली. मागच्या बाजूला गेलो आणि ती थांबली. समोर लाल मुरूम, सपाट, मध्ये मध्ये मोजणीच्या खुंट्या. तिनं बरेच महिने इकडे पाऊल टाकलं नव्हतं. मला वाटलं ती परत फिरेल. जुन्या बांधाचं एक टोक भरावाच्या बाहेर दिसत होतं. तिथे ती गेली, खाडीकडे पाठ केली आणि पावलं मोजत निघाली. एका ठिकाणी चार दाणे टाकले, पुढे गेली. मी एकेका ठिकाणचा फोटो काढत गेले. तिचा काढायला लागले तर म्हणाली, "मना नको काढू. जागेचा काढ."

अर्ध्या वाटेवर एक ट्रक आमच्या मधून गेला. धूळ खाली बसेपर्यंत ती उभी राहिली. मग दोन पावलं पुढे, एक मागे.

"हितंच," ती म्हणाली. "उघाडी."

भरावावर एक राखणदार होता, मराठवाड्यातून आलेला. तो काठी घेऊन आला.

"मावशे, काय पेरायलीस? मुरमात उगवत नसतंय."

"पेरीत नाय, बाबा. बोलवनं करते."

"कुणाला?"

"हितं बाया रातात."

"त्या कामावरच्या? त्या गेल्या की परवाच. उलव्याला काम लागलंय त्येंचं."

"त्या नाय. पान्यातल्या."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी काहीतरी कॉलेज, प्रोजेक्ट असं पुटपुटले. तेवढ्यानं त्याचं समाधान झालं नाही, पण त्यानं चपला काढल्या, दोन पावलं मागे सरकून उभा राहिला आणि आतेपुढे हात केला. तिनं त्याच्या हातावर चार दाणे ठेवले. त्यानं ते खिशात टाकले. मी फोटो काढला.

घरी येताना आते म्हणाली, "आता काकाला सांग, लवकर ये म्हनावं. समदे निघालेत."

इथपर्यंत मला वाटत होतं की मी एक छोटी थाप मारली आहे. त्या वाक्यानंतर माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसले. तिनं गावातल्या प्रत्येक देवाला, प्रत्येक मेलेल्या माणसाला नाव घेऊन लग्नाला बोलावलं होतं, आणि ज्या लग्नाला बोलावलं तिथे तिलाच बोलावणं नव्हतं. आमच्यात आमंत्रणाचा धवला म्हटला की परत पाठवणीचाही म्हणावाच लागतो. तो ज्या मांडवासाठी बोलावलं त्याच मांडवात म्हणायचा. मध्येच सोडला तर आलेले तसेच बसून राहतात आणि दोष धवलारणीवर येतो. हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण माहीत असलेल्या गोष्टी मी तेव्हा कॉलेजच्या बाहेर ठेवायला शिकत होते.

मी कुणाला काही सांगितलं नाही. आते वाट बघायला लागली. सकाळी ओट्यावर, दुपारी ओट्यावर. काका रस्त्यानं गेला की ती उठून उभी राहायची, आणि तो मान खाली घालून पुढे गेला की परत बसायची. तिनं तांदूळ दळून आणले, चौकासाठी. लुगडं धुऊन ठेवलं. मग तिचं जेवण कमी झालं. बसल्या जागी ती हातानं पाटावर ठेका धरायची, थांबायची, पुन्हा धरायची. "पावने दारात उभे हायत," ती आईला म्हणाली, "आन मी घरात बसलेय."

मलाही बसवत नव्हतं. पुस्तक उघडायचे, मिटायचे. विहिरीवर जायचे आणि घागर न भरता परत यायचे. कॅसेट ऐकून वहीत उतरवून काढायची म्हणून लावायचे, आणि ती ओळीनंतर थांबायची त्या जागा यायच्या, तेव्हा मला वाटायचं ती माझ्या उत्तराची वाट बघते आहे. तरी मी ऐकत राहिले. इतक्यांदा ऐकलं की सगळा धवला मला पाठ झाला.

लग्नाला आठ दिवस उरले तेव्हा मी वडिलांना सांगितलं. ते खाकी कपड्यांत बसले होते. सगळं ऐकून घेतलं.

"भटजीचं काकाला कुनी सांगितलं?"

"मी."

"येईल म्हनून हिला कुनी सांगितलं?"

"मीच."

"मंग आता जायाचं कुनी?"

मी काकाकडे गेले. काका मांडवाच्या बांबूंवरून मांडववाल्याशी हुज्जत घालत होता. मी त्याला बाजूला बोलावलं आणि सांगितलं. तो आधी समजलाच नाही.

"म्हंजे तिनं समद्यांना बोलवलं?"

"हो."

"माज्या बापाला पन?"

"नाव घेऊन."

काका बांबूवर बसला. "आता भटजीला सांगितलंय. जासईवाले बँड घेऊन येतील. त्यांच्यासमोर ही म्हातारी चौकात बसून गानी म्हननार? हसतील लोक. तूच म्हनालीस ना, आता कोन करीत नाय?"

"मी चुकीचं बोलले, काका."

"शिकलेली मानसं चुकायला लागली तर आमी कुनाला विचारायचं?"

काकी मागे तांदूळ पाखडत होती. ती सूप न थांबवता म्हणाली, "हलदीला जासईवाले येतात का?"

"नाय."

"भटजी येतो?"

"नाय."

"पोरगी गेल्यावर मांडव कुनाचा? आपलाच. हलदीला म्हनंल, आन पोरगी गेल्यावर पाठवनी करंल. मदी तुमी तुमचा भटजी करा." मग सूप थांबवून काकाला म्हणाली, "माजं लगीन तिनं लावलंय. तुमाला लक्षात नसंल, तुमी तवा माज्याकरं बघत व्हता."

त्या संध्याकाळी काका नारळ घेऊन आमच्या दारात आला. वर न बघता त्यानं नारळ आणि तांदूळ आतेपुढे ठेवले.

"उशीर केलास," ती म्हणाली. "मी बोलवून बसलेय."

"माहीत हाय."

"कुनी सांगितलं?"

काकानं माझ्याकडे बघितलं नाही. "कलतं असं," तो म्हणाला. आतेनं नारळ उचलून कानाशी हलवून बघितला, पाणी आहे का ते, आणि आत नेला. तिला किती कळलं होतं ते मला आजपर्यंत माहीत नाही.

हळदीच्या दिवशी लाऊडस्पीकरवाला सकाळपासून तबकड्या लावत होता. कर्णा आंब्याला बांधलेला, आवाज खाडीपलीकडे जाईल असा. आते चौक काढून बसली आणि थांबली. काकी त्याच्याकडे गेली. "तुजी मशीन गरम झाली असंल. जरा चहा पी." तो म्हणाला, मशीन नवीन आहे. काकी म्हणाली, "मंग तू जुना हायस. चहा पी." तो चहाला गेला. तेवढ्यात हळदीचे धवले झाले. मी झेलायला लागले तेव्हा बायका हसल्या. माझा आवाज बसका, आणि पहिल्या ओळीला चुकला. आतेनं हसणाऱ्यांकडे बघितलंही नाही, पुढची ओळ म्हटली. टेप मी लावलाच नाही. एकच बाजू शिल्लक होती, ती पाठवणीसाठी राखली होती.

लग्न भटजींनी लावलं. चांगलं झालं. आते मागे भाताच्या हंड्यांजवळ बायकांत बसली होती, हळद लागलेला हात मांडीवर उलटा ठेवून. बँड वाजला, जेवणं झाली, जासईचा टेम्पो भरला, नवरी रडली, टेम्पो गेला. मांडवात उष्ट्या पत्रावळी आणि घडी घातलेल्या खुर्च्या. ऊन उतरत होतं.

"ये," आते मला म्हणाली.

पाठवणीचा धवला वेगळा असतो ते तिनं मला तेव्हाच सांगितलं. झेलणारीनं ओळ नुसती परत म्हणायची नसते. धवलारीण विचारते, अजून कोण बसलंय, आणि झेलणारी नाव सांगते. मग धवलारीण त्याला त्याच्या जागी पोचवते. आणि क्रम उलटा. शेवटी आलेला आधी जातो, पहिली आलेली गावदेवी सर्वांत शेवटी. धवलारीण नाव सांगत नाही. तिनं बोलावलं, आता मांडवानं सांगायचं कोण बसलंय ते.

मी कॅसेट उलटी केली आणि बटण दाबलं. वही घरी होती.

घरातले गेलेले आधी. ते मला आले, आजोबांपर्यंत आले. एकेकाला ती सावकाश पोचवत होती. मग होड्यांची जागा. "अजून कोन बसलंय गो, अजून कोन बसलंय?" तिनं म्हटलं.

आणि मला आठवेना. सरळ म्हणताना होड्यांच्या आधी उघाडी यायची. उलटं जाताना होड्यांनंतर मी नेमकी तीच विसरले. तिचा फोटो मी काढला होता. तिथे उभी राहून, राखणदारासमोर. पण त्या वेळी डोळ्यांसमोर लाल मातीशिवाय काही येईना. आते थांबली होती. ती सुचवणार नव्हती. बायका माझ्याकडे बघत होत्या, त्यांतल्या कुणालाच क्रम येत नव्हता. कॅसेट फिरताना दिसत होती. मी 'विहीर' म्हणणार होते, विहीर माहीत होती. पण म्हटलं असतं तर मधल्या बाया कायमच्या बसून राहिल्या असत्या, आणि ते फक्त मला आणि आतेला कळलं असतं.

मांडवाच्या कडेला वडील उभे होते. ड्यूटीवरून सरळ आलेले, खाकीत. पुरुष धवल्यात बोलत नाहीत.

"उघाडी," ते म्हणाले.

आतेनं त्यांच्याकडे बघितलं नाही. तिनं मान हलवली, जशी माझ्या प्रत्येक नावाला हलवत होती तशीच. उघाडी बुजली होती. आते आता बायांना कुठे पोचवणार, हा प्रश्न मला तिथे बसल्या बसल्या पडला, आणि तिला तो पडलेला दिसला नाही.

'वल्या पायांनी आल्याव गो बाया,' तिनं म्हटलं, 'वल्या पायांनी जावा.'

पुढचं मला आलं. विहीर, आगरं, बांध, शिव, आणि शेवटी गावदेवी. संपल्यावर आतेनं चौक हातानं पुसला, पीठ लागलेला हात माझ्या डोक्यावर पुसला आणि म्हणाली, "आता भूक लागली." ती दोन वेळा भात घेऊन जेवली.

जूनमध्ये मी सगळं परत द्यायला गेले. सरांनी कॅसेट स्टाफरूममध्ये लावली. पाठवणी सुरू असताना त्यांनी मान वर केली.

"इथे टेप बंद पडला होता का?"

"नाही सर. मला आठवत नव्हतं."

ते ऐकत राहिले. "आणि हा आवाज?"

"माझे वडील."

सरांनी टेप मागे नेला आणि ती रिकामी जागा पुन्हा ऐकली. मला वाटलं ते म्हणतील, हा भाग काढून टाकू. त्यांनी कॅसेट आहे तशी डबीत ठेवली. मग त्यांनी रोल धुवायला दिला. पुढच्या आठवड्यात फोटो टेबलावर मांडले, ते जवळजवळ सगळे सारखेच होते. सपाट जमीन, खुंट्या, आकाश. सरांनी एक उचलला. त्याच्या कोपऱ्यात चपलांचा जोड होता.

"हे कुठलं?"

"उघाडी, सर."

"यात उघाडी कुठे आहे?"

"खाली."

त्यांनी फोटो उलटा करून माझ्यापुढे सरकवला आणि पेन्सिल दिली. "मागे लिहा. नाहीतर उद्या कुणाला कळणार नाही."

मी 'उघाडी' लिहिलं. मग ट्रक गेल्यावर आते दोन पावलं पुढे आणि एक मागे आली होती ते आठवलं, म्हणून पुढे 'अंदाजे' लिहिलं. सर बघत होते. पेन्सिलीच्या मागच्या रबरानं मी 'अंदाजे' खोडलं.